कपाळावरचा दिवा आणि त्याचे सेल

डोक्यावर दिवा बांधून दोन्ही हात मोकळे ठेवण्याची गरज सर्वांत आधी खाणकामगारांना भासली. कोळसा फोडायला दोन्ही हात लागत. मग तेलाची वात असलेला लहानसा दिवा टोपीच्या पुढच्या बाजूला अडकवला जाई. कोळशाच्या थरांतून मिथेन वायू झिरपत असल्याने ही उघडी ज्योत जिवावर बेतत असे. 1812 मध्ये इंग्लंडमधील फेलिंग खाणीत झालेल्या स्फोटात 92 जण दगावले. त्यानंतर 1815 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवलेला सुरक्षा-दिवा तयार केला. पण तो हातात धरायचा दिवा होता आणि त्याचा उजेडही मंद होता. कपाळावर सुरक्षित प्रकाश मिळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

मधल्या काळात कार्बाइडचा दिवा आला. 1892 मध्ये थॉमस विल्सन यांना विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत सापडली, आणि 1900 मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक बाल्डविन यांनी कार्बाइडच्या दिव्याचे पेटंट घेतले. आंबे लवकर पिकवण्यासाठी चोरून वापरली जाणारी भुकटी म्हणून मराठी वाचकाला हा पदार्थ ठाऊक आहे. दिव्याच्या खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे आणि वरच्या कप्प्यात पाणी असे. पाणी थेंबाथेंबाने खाली पडले की ॲसिटिलीन वायू निघे आणि दिव्याच्या पुढच्या तबकडीच्या मधल्या बारीक छिद्रातून बाहेर येई. कामगार तबकडीवर क्षणभर तळहात झाकून वायू साठू देई आणि हात ओढून घेतानाच ठिणगीचे चाक फिरवी. ‘फट्’ असा आवाज होऊन पांढरीशुभ्र ज्योत उभी राही. काही तासांनी कप्प्यात चुन्याचा राडा उरे. तो खरवडून काढायचा आणि नवे खडे भरायचे. गुहांमध्ये उतरणाऱ्यांनी हा दिवा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वापरला, कारण कोरडे खडे जवळ बाळगले की पाणी गुहेतच मिळे. मिथेनच्या खाणीत मात्र ही ज्योतही तेवढीच घातक होती.

ज्योत टाळायची तर वीज हवी, आणि वीज अंगावर वागवायची तर सेल हवेत. जॉर्ज लक्लांशे यांचा 1866 चा सेल द्रावणाने भरलेला होता आणि तो कलंडून चालत नसे. 1886 मध्ये कार्ल गास्नर यांनी कोरड्या सेलचे पेटंट घेतले. 1899 मध्ये डेव्हिड मिसेल यांना नळीच्या आकाराच्या टॉर्चचे पेटंट मिळाले. तेव्हाचे सेल इतके अशक्त होते की टॉर्च क्षणभर लावून बंद करावी लागे, म्हणूनच इंग्रजीत तिला ‘फ्लॅशलाइट’ हे नाव पडले. खाणीतली अख्खी पाळी निभावणे अशा सेलच्या आवाक्यात नव्हते.

ते काम पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीने केले. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समध्ये अभियंता असलेले जॉन टी. रायन आणि त्यांचे सहकारी यांनी थॉमस एडिसन यांना गाठले. एडिसन यांच्याकडे मुळात मोटारींसाठी विकसित केलेली निकेल-लोखंडाची बॅटरी तयार होती. 1914 च्या सुमारास तिच्यावर चालणारा टोपीचा दिवा आला. पोलादी डबीतली बॅटरी कमरेच्या पट्ट्याला असे आणि पाठीवरून गेलेली वायर टोपीवरच्या दिव्याला जोडलेली असे. एका चार्जिंगवर दिवा बारा तास चाले. बल्बची काच फुटली तर आतली स्प्रिंग बल्बला ढकलून वीज तोडी, त्यामुळे तापलेली तार वायूला लागत नसे. पुढे शिसे-आम्लाच्या बॅटऱ्याही खाणींत रुळल्या. भारतातल्या भूमिगत खाणींतही पाळीपूर्वी ‘लॅम्प रूम’मधून आपल्या क्रमांकाचा दिवा घ्यायचा आणि वर आल्यावर तो चार्जिंगला लावायचा, ही शिस्त बसली. ज्या क्रमांकाची जागा रिकामी, तो माणूस अजून खाली आहे, हेही त्यावरून कळे.

गिर्यारोहक आणि गुहा धुंडाळणारे यांना अशी लॅम्प रूम मिळणार नव्हती. त्यांना हलका, पाठीमागे वायर न लोंबणारा दिवा हवा होता. फ्रान्समधले गुहा-संशोधक फेर्नां पेट्झल यांनी 1973 मध्ये दिवा, पट्टा आणि बॅटरी असे सारे डोक्यावरच मावणारे साधन काढले. 1981 च्या ‘झूम’ दिव्यात साडेचार व्होल्टची चपटी बॅटरी डोक्याच्या मागच्या बाजूला बसे. 1959 पासून बाजारात आलेल्या अल्कलाइन सेलने टिकाऊपणा वाढवला होता. तरीही तारेचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवी, म्हणून बॅटरी मोठी ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही अडचण एलईडीने सोडवली. शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये तेजस्वी निळा एलईडी साध्य केला, आणि त्यावर पिवळे प्रकाशद्रव्य चढवून पांढरा उजेड मिळू लागला. 2000 मध्ये पेट्झल कंपनीचा ‘टिका’ हा छोटा दिवा आला. त्यात तीन एलईडी आणि तीन बारीक पेन्सिल सेल, म्हणजे ‘एएए’, होते. तीन या आकड्यामागे कारण आहे. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या वर दाब लागतो आणि दीड व्होल्टचे तीन सेल ओळीने जोडले की साडेचार व्होल्ट मिळतात. लिथियम-आयनचा मात्र एकच सेल सुमारे 3.6 व्होल्ट देतो. सोनीने 1991 मध्ये असे सेल बाजारात आणले. त्यांतला 18650 म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब सेल. तो आधी लॅपटॉपमध्ये, मग विजेवरच्या मोटारींत आणि शेवटी कपाळावरच्या दिव्यांत आला. सुमारे 47 ग्रॅम वजनाच्या अशा एका सेलमध्ये साधारण दहा वॅट-तास ऊर्जा मावते. तीन अल्कलाइन ‘एएए’चे वजन 35 ग्रॅमच्या आसपास आणि त्यांची ऊर्जा चार वॅट-तासांच्या जवळपास असते.

तरीही जुने सेल हद्दपार झाले नाहीत, कारण प्रत्येक रसायनाचा गुण वेगळा आहे. उतरलेले साधे सेल उन्हात ठेवून आणखी थोडा वेळ चालवण्याची रीत घरोघर होती. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वेग घेते. थंडीत नेमके उलटे घडते, म्हणून हिमालयातल्या उंचीवर अल्कलाइन सेल लवकर दम टाकतात. तिथे एकदाच वापरायचे दीड व्होल्टचे लिथियम सेल उपयोगी पडतात. ते उणे 40 अंशांपर्यंत चालतात, वजनाला हलके असतात आणि वर्षानुवर्षे पडून राहिले तरी टिकतात. लिथियम-आयनचा सेल थंडीत अंगाशी, कपड्यांच्या आत ठेवावा लागतो आणि शून्य अंशाखाली तो चार्ज करू नये. निकेल-मेटल हायड्राइडचे सेल 1.2 व्होल्टचेच असले तरी तीन मिळून 3.6 व्होल्ट देतात आणि शेकडो वेळा चार्ज होतात. पूर्वी ते नुसते पडून राहिले तरी उतरत. सान्योने 2005 मध्ये आणलेल्या ‘एनेलूप’ने हा दोष बराच घालवला. अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने दिव्यातच राहिले तर पाझरतात आणि संपर्काच्या पत्र्यांवर पांढरी भुकटी धरते. म्हणून मोसम संपला की ते काढून ठेवणे श्रेयस्कर.

सह्याद्रीत गोठवणारी थंडी नाही, त्यामुळे तिथे निवड सोपी आहे. एका रात्रीच्या चढाईला चार्ज केलेला लिथियम-आयनचा दिवा पुरतो. पावसाळ्यात मात्र चार्जिंगच्या छिद्राचे रबरी झाकण घट्ट बसलेले असावे लागते. वीज नसलेल्या वाटेवर अनेक दिवस काढायचे असतील तर गावातल्या दुकानात मिळणारे पेन्सिल सेल अधिक भरवशाचे. म्हणूनच आज अनेक दिवे दोन्ही सोयी ठेवतात. तीन ‘एएए’च्या खाचेत तेवढाच लिथियम-आयनचा संच बसतो आणि तो उतरला की साधे सेल घालून वाट पुरी करता येते.