मुखकर्करोग : लवकर ओळख व तपासणी

मुखकर्करोग : ओठ, जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू, टाळू व जिभेखालचा भाग यांना होणारा कर्करोग. बहुतेक वेळा तो तोंडाच्या अस्तरातील चपट्या पेशींत सुरू होतो. जगातील दर तीन रुग्णांमागे एकाहून अधिक रुग्ण भारतात आढळतात. तोंड उघडून डोळ्यांनी पाहता येईल अशा जागी हा रोग होतो. तरीही आपल्याकडे बरेच रुग्ण तो पसरल्यावरच रुग्णालयात पोहोचतात.

कारणे : तंबाखू-चुना, मशेरी, गुटखा, मावा, खर्रा, विडी-सिगारेट आणि मद्य. तंबाखू व मद्य एकत्र असल्यास धोका अनेक पटींनी वाढतो. नुसती सुपारीही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली तिला कर्करोगकारक ठरवले. तंबाखूची गोळी गाल व हिरडी यांमधील खाचेत धरली जाते; भारतात हा रोग तेथेच विशेष दिसतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे.

पूर्वखुणा : पुसून न जाणारा पांढरा चट्टा (ल्यूकोप्लाकिया) व मखमली लाल चट्टा (एरिथ्रोप्लाकिया) या कर्करोगापूर्वीच्या अवस्था होत. लाल चट्टा अधिक धोक्याचा. सुपारीमुळे अस्तराखाली तंतू साचून गाल ताठरतात, तिखट सोसत नाही व तोंड उघडणे कमी होत जाते. हा सबम्यूकस फायब्रोसिस. भारतात एस. जी. जोशी यांनी १९५३ साली त्याचे वर्णन केले. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर डॉक्टरांना दाखवावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, विनाकारण हलणारा दात, जिभेचा बधिरपणा, गिळताना त्रास व मानेतील गाठ याही धोक्याच्या खुणा आहेत. सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते.

तपासणी : चांगला उजेड, हातमोजे व लाकडी पट्टी एवढ्यावर काही मिनिटांत ती होते. ओठ, गाल, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा, तिच्याखालची जागा व टाळू क्रमाने पाहून शेवटी मान चाचपतात. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी अशी तपासणी केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. केंद्राच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची पाच वर्षांतून एकदा मुखतपासणी अपेक्षित आहे. त्यासाठी आशा कार्यकर्त्या घरोघरी माहिती भरून घेतात.

निदान : डोळ्यांना दिसते तो केवळ संशय; निश्चिती तुकडा काढून केलेल्या तपासणीनेच (बायॉप्सी) होते. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत चुकीची असून तिच्यापायी मोलाचे महिने वाया जातात. दोन सेंटिमीटरपर्यंतची, खोल न गेलेली व मानेत न पसरलेली गाठ पहिल्या टप्प्यातील मानतात. या टप्प्यात बहुधा एका शस्त्रक्रियेवर भागते व बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाल्यास जबड्याचा भाग काढावा लागतो, किरणोपचार व औषधोपचारही घ्यावे लागतात.

तंबाखू व सुपारी सोडणे हाच खरा प्रतिबंध होय. ज्यांना ही सवय आहे किंवा होती, त्यांनी महिन्यातून एकदा आरशासमोर स्वतःचे तोंड पाहावे आणि दोन आठवडे टिकलेली कोणतीही खूण दंतवैद्य वा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावी.