मोडीत निघालेले घर

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारातून आम्ही एक पितळी तांब्या विकत आणला. घराची बैठक नव्याने लावायची होती आणि कोपऱ्यातल्या तिवईवर काहीतरी जुने असावे, एवढाच त्यामागचा हेतू. विक्रेत्याने तांब्या तराजूत टाकला, भाव सांगितला आणि काठाजवळचा भाग अंगठ्याने चोळत म्हणाला, ''नाव आहे, पण पॉलिशला दिलं की जाईल.'' नाव खरोखरच होते. टिंबाटिंबांनी कोरलेले, 'चि. सौ. कां.' या अक्षरांनी सुरू होणारे आणि एका गावाच्या नावाने संपणारे. कोणाच्या तरी लग्नातला तो आहेर होता. घर सजवायला निघालेल्या माणसासमोर असा प्रश्न अचानक उभा राहतो : हे नाव ठेवायचे की घालवायचे? या टिपणाचा विषय वरवर पाहता जुन्या वस्तूंनी घर सजवण्याचा आहे. प्रत्यक्षात तो या नावाचा आहे.

आज ज्याला आपण 'अँटिक' किंवा 'व्हिंटेज' म्हणतो त्या सामानाचा मराठी घराशी असलेला संबंध मुळात फार सरळ नाही. जुन्या मराठी घरात आजच्या अर्थाने फर्निचर जवळजवळ नव्हतेच. बैठक म्हणजे जाजम किंवा गादी, तिच्यावर लोड आणि तक्के. जेवायला पाट, पूजेला चौरंग, ताटाखाली अडणी. सामान ठेवायला फडताळ, कोनाडा, देवळी ही भिंतीच्या पोटातली जागा. अंथरुणे-पांघरुणे रचायला घडवंची. उंचावर असे फक्त माजघरातला किंवा ओटीवरचा झोपाळा. सर चार्ल्स मॅलेट आणि पेशवे यांच्यातील १७९० च्या तहाचे जे प्रसिद्ध चित्र आहे, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनिएलने १८०५ मध्ये पूर्ण केलेले, त्यात अवघा दरबार जमिनीवर बसलेला दिसतो. सत्तेचे आसनही गादी हेच होते. आजही आपण गादीवर बसणे, गादी चालवणे असेच म्हणतो. खुर्चीसाठी भांडणे ही नंतरची गोष्ट.

शब्दांकडे पाहिले तरी हाच इतिहास दिसतो. 'खुर्ची' अरबी-फारसी वाटेने आली, 'टेबल' इंग्रजीतून, 'अलमारी' पोर्तुगीजांकडून. 'कपाट' तेवढे संस्कृत. पण संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. दारे असलेली पेटी घरात आली तेव्हा आपण दाराचेच नाव तिला देऊन टाकले. पाट, चौरंग, फडताळ, घडवंची हे शब्द मात्र घरचे आहेत, आणि नेमके तेच आज वापरातून जात आहेत. वस्तू मोडीत निघाली की तिच्या मागोमाग शब्दही मोडीत निघतो.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. मुंबईत शतकाच्या मध्याला शिसवी लाकडावर दाट कोरीवकाम केलेल्या खुर्च्या, कोच, मेजे तयार होऊ लागली. घाट विलायती आणि कोरीव पानाफुलांची वेलबुट्टी इथल्या कारागिराच्या हाताची, असा हा संकर. साहेबांच्या बंगल्यांतून आणि पारशी घरांतून तो हळूहळू इतर सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत शिरला. गोव्यात ही प्रक्रिया याच्याही कितीतरी आधी सुरू झाली होती; चांदोरसारख्या गावांतल्या मोठ्या घरांमधील उंच पाठीच्या, वेताने विणलेल्या खुर्च्या तिची साक्ष देतात. वाड्यात मात्र खुर्ची आली ती पुढच्या सोप्यापुरती. माजघर आणि स्वयंपाकघर पुढेही पुष्कळ वर्षे पाटावरच बसले. बाहेरचे पुरुष खुर्चीवर आणि आतल्या बायका पाटावर, अशी ही वाटणी. तेव्हा 'जुने फर्निचर' म्हणून आज जे विकले जाते त्यातले बरेचसे घराच्या एका टोकाचे, पुरुषांच्या बैठकीचे आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरी एक खुर्ची अधिक लोकशाहीवादी होती. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट याने बीच लाकूड वाफेवर मऊ करून वाकवण्याची युक्ती साधली आणि १८५९ मध्ये चौदा क्रमांकाची म्हणून ओळखली जाणारी खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच तिचा संसार. सुटे भाग करून एक घनमीटर खोक्यात अशा छत्तीस खुर्च्या मावत, म्हणून ती जगभर जाऊ शकली. तिच्याच जातीच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती दिसू लागल्या. तिथे बसायला फक्त चहाचे पैसे लागत. वाड्यात ज्याला कोणी खुर्ची देऊ केली नसती असा माणूसही इराण्याकडे खुर्चीवर बसू शकत होता. ही हॉटेले एकामागून एक बंद झाली तेव्हा त्यांच्या खुर्च्या जुन्या बाजारांत आल्या आणि तिथून नव्या घरांच्या जेवणाच्या टेबलांभोवती गेल्या. घरात अशी खुर्ची असेल तर तिचा हा पूर्वेतिहास आपल्याला माहीत असावा.

आता प्रश्न असा की हे सारे सामान बाजारात आले कसे? हौशीने कोणी आपले घर विकत नाही. पुण्यापुरते बोलायचे तर दोन कायदे आणि एक तारीख पुरेशी आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूंना त्याने छप्पर टिकवून दिले हे खरे. पण वाड्याची कौले बदलणे मालकाला परवडेनासे झाले हेही तितकेच खरे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात बसले. पुढे १९७० मध्ये अपार्टमेंट मालकीचा कायदा आला आणि वाड्याच्या जागी इमारत, तिच्यात प्रत्येकाचा ब्लॉक, हे गणित सर्वांनाच सोयीचे झाले. वाडा उतरवला जाई तेव्हा सागाचे खांब, तुळया, कोरीव दारे, गजांच्या खिडक्या लाकडाच्या वखारीत जात. ब्लॉकच्या दारातून घडवंची आत जात नव्हती आणि झोपाळ्याच्या कड्या अडकवायला तुळई नव्हती. सामान टाकाऊ झाले ते असे. त्याचा दोष एवढाच की ते मोठ्या घरासाठी घडले होते.

भांड्यांची गोष्ट याहून हळू घडली. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लागे, चिंचेने घासावे लागे. साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घरोघर आले आणि ज्या बायकांनी आयुष्यभर चिंच आणि राख वापरून हात काळे केले होते त्यांनी ते आनंदाने स्वीकारले. आमच्या घरातही घंगाळ आणि मोठा हंडा मोडीत घालून स्टीलचा डबा-संच आला, आणि आजीला त्याचे काडीइतकेही दुःख झाले नव्हते. तिला विचारले असते तर 'त्या ओझ्यातून सुटले' असेच ती म्हणाली असती. आज त्याच घंगाळात रोपे लावून आपण ते दिवाणखान्यात ठेवतो तेव्हा त्याचे सौंदर्य आपल्याला दिसते, वजन दिसत नाही. पाटा-वरवंटा शोभेला मांडणाऱ्या घरात त्यावर कोणी तासन्‌तास वाटण वाटलेले नसते. स्मरणरंजनावर आमचा आक्षेप नाही. पण ज्यांच्या कष्टांची ती वस्तू, त्यांनीच ती आनंदाने टाकली होती, ही गोष्ट त्या रंजनातून गाळली जाते, यावर आहे.

जुन्या वस्तू गोळा करण्याची वेगळी रीतही आपल्याकडे घडून गेली आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. चश्म्यांचे दुकान हा त्यांचा व्यवसाय. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढची सत्तर वर्षे ते तेच करीत राहिले. तलवारी-पगड्यांच्या मागे लागण्याच्या त्या काळात त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे, फण्या आणि टाचा घासायच्या वज्ऱ्या गोळा केल्या. लहानपणीच वारलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष याच संग्रहालयात पुन्हा उभे आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी याकडे लक्ष द्यावे, ते एवढ्यासाठी की इतिहास म्हणजे फक्त बखर आणि फर्मान नव्हे, स्वयंपाकघरातली विळीही कागदपत्राइतकीच बोलते, हे या कवीने प्रत्यक्ष दाखवून दिले.

कायद्याची दृष्टी मात्र अजूनही वयावर आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार साधारणतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू ती पुरावस्तू, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षे. खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. पण वय हा वस्तूच्या इतिहासाचा एकच, आणि कदाचित सर्वांत किरकोळ भाग आहे. ती कोणी घडवली, कोणी वापरली, कोणाला वापरू दिली नाही, हे कोणत्याही नोंदवहीत नसते. पाट घडवणारा सुतार बारा बलुतेदारांपैकी. त्याला धान्याच्या राशीतला वाटा मिळे, पाटावर नाव मात्र त्याचे कधीच नसे. आणि काही वस्तू तर बाजारात कधी येतच नाहीत. वळचणीला खोचून ठेवलेली, 'त्यांच्यासाठी' म्हणून वेगळी राखलेली कपबशी कितीतरी घरांत होती. जुन्या बाजारात ती आम्हाला कोणी दाखवलेली नाही. आलीच असेल तर इतर कपबश्यांत मिसळून गेली असेल. वाड्याची आठवण म्हणून आपण कोरीव खांब घरात आणतो, ती कपबशी आणत नाही. निवड ही अशी असते. तिच्यामुळे जुना काळ प्रत्यक्षात होता त्याहून सुंदर दिसू लागतो.

म्हणून काय जुन्या वस्तू घेऊच नयेत? तसे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. न घेतल्या तर त्या भट्टीत जातात. जुन्या जरीच्या साड्या चांदीसाठी जाळल्या गेल्या. बोहारणीच्या गाठोड्यात किती पैठण्या भांड्यांच्या मोबदल्यात गेल्या त्याची गणती नाही. विकत घेणारा माणूस वस्तूला निदान एक आयुष्य आणखी देतो. नवे लाकूड तोडण्यापेक्षा वाड्याची तुळई कापून टेबल करणे केव्हाही शहाणपणाचे. शंभर वर्षे मुरलेला साग सहसा वाकत नाही. आमची अपेक्षा एवढीच की वस्तूबरोबर तिची माहितीही घ्यावी. कोणत्या गावाहून आली, कोणत्या घरातून निघाली, तिला काय म्हणत, कशासाठी वापरत, हे विक्रेत्याला विचारावे. त्याला ते बहुधा माहीत असते, फक्त कोणी विचारत नाही. मिळालेली माहिती चिठ्ठीवर लिहून खणात ठेवावी.

आता त्या तांब्याकडे. भांड्यांवर नावे घालण्याची दोन कारणे होती. लग्नकार्यात शेजारीपाजारी उसनी गेलेली भांडी ओळखून परत आणता यावीत, हे एक. आणि आहेर कोणी कोणाला दिला त्याची कायमची नोंद राहावी, हे दुसरे. लग्नानंतर कितीजणींचे नावही बदलले जाई. जमिनीच्या उताऱ्यावर त्या क्वचितच असत, बहुतेक घरांच्या कुलवृत्तांतात तर 'अमक्याची पत्नी' एवढ्याच. त्यांचे नाव लेखी राहिले असेल तर ते अशा एखाद्या तांब्याच्या काठावर. मोडीच्या भट्टीत अशी किती नावे वितळली असतील! आम्ही तांब्या पॉलिशला दिला नाही. चिंचेने हळू हाताने घासला, अक्षरे अधिक ठळक झाली. शेवटच्या दोन अक्षरांवर पोचा आहे, त्यामुळे आडनाव पुरते लागत नाही. गावाचे नाव मात्र स्पष्ट आहे. त्या बाजूला कधी जाणे झाले तर तांब्या बरोबर न्यायचा, असे ठरवले आहे. तोवर तो तिवईवर आहे, नावाची बाजू दाराकडे करून.