नाणेघाटांतील रांजण आणि पोढी

होळीची राख थंड होऊन पांच दिवस झाले होते. फाल्गुन वद्य पंचमीचा चंद्र पश्चिमेकडे कलला होता, अशा वेळीं वैशाखऱ्याहून आम्हीं नाणेघाटाची वाट धरली. आम्हीं म्हणजे मी आणि वाट दाखविण्यास आलेले तेथलेच एक सत्तरीच्या घरांतले बाबा. हल्लीं या घाटास माणसांची गर्दी होते ती पावसाळ्यांत, वाऱ्यानें उलटे उडणारे धबधबे पाहण्यासाठीं. धबधबे पाहावयाचे असतील तर श्रावण बरा; पण वाट पाहावयाची असेल तर फाल्गुनासारखा महिना नाहीं. गवत वाळून बसलेलें असतें, पळस आणि पांगारे पर्णहीन होऊन फुललेले असतात, आणि एरवीं हिरवळीखालीं दडलेले दगड उघडे पडतात. येथें पाहावयाचें तें या दगडांतच आहे.

पहिला तासभर वाट रानांतून जाते. मग चढ उभा होतो आणि पायांखालीं ओबडधोबड फरसबंदी लागते. कोठें पायऱ्या, कोठें नुसते बसविलेले दगड, मधले घासून गुळगुळीत झालेले. "आमचा आजा बैलावर गोणी टाकून हितनंच वर जायचा," बाबा म्हणाले. "बैल घसरला का गोणी दरीत, अन् मागनं बैल." सातवाहनांच्या काळापासून बाबांच्या आज्यापर्यंत हा व्यवहार थोड्याफार फरकानें असाच चालत आला असावा. पैठण आणि तेर येथून निघालेला माल जुन्नरास येई, तेथून या खिंडीनें कोंकणांत उतरे, आणि कल्याण व सोपारा या बंदरांतून जहाजांत चढे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकानें आपल्या प्रवासवृत्तांत कल्याणचें नांव नोंदविलें आहे. थोरल्या 'सारगनस' राजाच्या वेळीं तें रीतसर व्यापाराचें बंदर होतें. पुढें सत्ता पालटली, आणि चुकून तेथें आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जाऊं लागलीं, असें तो सांगतो. त्या घडामोडीचा धक्का या पायऱ्यांना बसला नसेल असें कसें म्हणावें?

अडीच तासांनीं आम्हीं खिंडीच्या तोंडाशीं आलों. घाट संपतां संपतां उजवीकडे एक चौकोनी लेणें आहे. समोरच्या भिंतीवर एके काळीं सातवाहन राजकुलांतील व्यक्तींच्या आठ मूर्ति कोरलेल्या होत्या. आज त्यांतील एकही उरली नाहीं. कोठें कोठें पायांच्या खुणा तेवढ्या दिसतात. डोक्यांवर कोरलेलीं नांवें मात्र कांहीं शिल्लक आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णि, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. रूप गेलें आणि नांव राहिलें. आपल्या संतवाङ्मयावर वाढलेल्या मनाला हें नवल वाटूं नये, तरी त्या रिकाम्या भिंतीपुढें उभें राहिलें कीं वाटतेंच.

बाजूच्या दोन भिंतींवर प्राकृतांतला, ब्राह्मी लिपींतला मोठा लेख आहे. १८२८ सालीं कर्नल साइक्स यांनीं तो पाहिला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनीं त्याचें वाचन केलें. त्याचा काळ इसवी सनापूर्वीचें पहिलें शतक असावा, असें आज बहुतेक विद्वान मानितात. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्रसूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. मग एका विधवा राणीचें वर्णन येतें: महिना महिना उपवास करणारी, घरांतच तापसीप्रमाणें राहणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. आणि त्यानंतर यज्ञांची व दक्षिणांची भली लांबलचक यादी. दोन अश्वमेध आहेत. एके ठिकाणीं ११,००० गाई व १,००० घोडे, दुसऱ्या ठिकाणीं २४,४०० कार्षापण. हे आंकडे अंकांतच लिहिलेले आहेत. त्यांत शून्य नाहीं. शंभराला निराळें चिन्ह, हजाराला निराळें, आणि हजाराच्या चिन्हाला चाराचें जोडून चार हजार. आपल्या रोजच्या हिशेबांतील अंकांचे हे पूर्वज आहेत. भारतांतील अंकलेखनाच्या अगदीं जुन्या नमुन्यांत या भिंतींची गणना होते.

लेण्याच्या पुढें वाटेवर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यानें जकातीचें नाणें त्यांत टाकावें, रांजण भरावा, म्हणून घाटाचें नांव नाणेघाट, ही हकीकत इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं ती शिलालेखांतच कोरलेली असावी असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः एवढ्या मोठ्या लेखांत जकातीविषयीं चकार शब्द नाहीं. तो देण्याचा लेख आहे, घेण्याचा नव्हे. इतकी दक्षिणा देणाऱ्या राजकुलाचें धन या वाटेवरील व्यापारांतून कांहीं अंशीं आलें असेल, हा तर्क मला पटतो; राजानें आपली स्मारकें नेमकीं खिंडीच्या तोंडाशीं उगाच उभारलीं नसतील. पण तर्क तो तर्क. तो रांजणांत ओतून त्याची वस्तुस्थिति करावयाची, ही आपली जुनी खोड आहे. एकदां गोष्ट गोड लागली कीं पुढें कोणी पाहावयास जात नाहीं.

कारण पुढें पाहिलें तर याच घाटांत आणखी एक छोटा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाचें देयधर्म, एक पोढी, एवढाच त्याचा आशय. पोढी म्हणजे पाण्याचें टाकें. हा गोविंददास कोण, काय विकीत होता, लेख सांगत नाहीं. सोपाऱ्याहून येथवर चढून आलेल्या माणसाला प्रथम काय लागतें, हें मात्र त्याला ठाऊक होतें. जुन्नरास गेलें तर असे आणखीही भेटतात. शिवनेरीवरील लेण्यांत इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढी दिल्या आहेत. कोठें धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पोढी दिली आहे. राणीच्या लेखांत अश्वमेध आहेत, या लेखांत पाणी आहे. घाटाचा इतिहास लिहावयाचा तर मी आरंभ गोविंददासापासून करीन.

वाट बंद पडली ती कोणत्या युद्धानें नव्हे. १८३० मध्यें बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्यें त्याच घाटांतून आगगाडी पुण्याकडे चढली, आणि १८६५ मध्यें थळघाटांतून दुसरी. पाठाळाच्या बैलांचे तांडे हळूहळू विरळ झाले. आज मोटारी माळशेजनें जातात. जुन्नराकडून डांबरी सडक नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत येते आणि तेथेंच संपते.

दुपारीं ऊन तापलें. समोर जीवधनाचा कडा वाफाळल्यासारखा दिसत होता. घाटघरकडे निघण्यापूर्वीं बाबा लेण्याजवळच्या एका टाक्याशीं वांकले, वरचा पालापाचोळा हातानें बाजूला सारला आणि प्लास्टिकची बाटली भरून माझ्यापुढें केली. गोविंददासाचें टाकें तें हेंच का, असें मीं विचारलें. "कुणाचं का असंना," ते म्हणाले, "चैतात बी आटत न्हाई. प्या."