कातीव हत्यारांची गोष्ट

परदेशात राहणाऱ्या भाच्याने हौसेने लाकूडकामाचा छोटा लेथ घेतला आहे. त्याचा प्रश्न साधा होता : "मामा, आठ हत्यारांचा स्वस्त सेट घेऊ, की तेवढ्याच पैशात चार चांगली?" "चारच घे," असं उत्तर देऊन मी मोकळा झालो. पण "का?" याचं उत्तर द्यायला दोन-अडीच हजार वर्षं मागे जावं लागतं. म्हणून म्हटलं, सगळ्यांसाठीच लिहावं.

आधी आपल्या शब्दांपासून सुरुवात करू. मराठीत लेथवर लाकूड फिरवून घडवणं म्हणजे कातणं, ते करणारा तो कातारी आणि घडलेली वस्तू ती कातीव. आज आपण 'कातीव चेहरा' म्हणतो तेव्हा कातारी कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. पण घरातलं लाटणं, भोवरा, जुन्या पाळण्याचे दांडे, सावंतवाडीची लाखेची खेळणी, ही सगळी त्याचीच करामत!

लेथचं सर्वात जुनं म्हणून दाखवलं जाणारं चित्र इजिप्तमधलं आहे. पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याच्या थडग्याच्या भिंतीवर, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचं. त्यात दोन माणसं दिसतात. एक पट्टा ओढून लाकूड फिरवतो आणि दुसरा हत्यार धरतो. आपल्याकडचा पारंपरिक कातारीही असाच जमिनीवर बसून काम करायचा, फक्त हत्याराला टेकू द्यायला तो पायाची बोटंसुद्धा वापरायचा. दोरी ओढली की लाकूड एकदा इकडे फिरणार आणि एकदा तिकडे. म्हणजे कापायचं ते अर्ध्या वेळातच, उरलेला अर्धा वेळ हत्यार उचलून थांबायचं.

युरोपात यावर एक युक्ती निघाली. दोरीचं एक टोक वर लवचिक काठीला बांधायचं, मध्ये लाकडाला वेढा द्यायचा आणि दुसरं टोक पायाखालच्या फळीला. पाय दाबला की लाकूड आपल्याकडे फिरतं आणि सोडला की काठी ते परत फिरवते. दुसऱ्या माणसाची गरज संपली. १५४५ मध्ये बुडालेलं 'मेरी रोज' हे इंग्लंडचं लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्यातून खलाशांच्या कातीव लाकडी थाळ्या आणि वाडगे मिळाले आहेत. म्हणजे हे काम चैनीचं नव्हतं, रोजच्या जेवणाचं होतं.

आता हत्यारांकडे येऊ. लंडनच्या जोसेफ मॉक्सनने १६७७ पासून हप्त्याहप्त्याने कारागिरीवरचं पुस्तक छापलं. त्यात कातकामाची हत्यारं दिली आहेत ती मुख्यतः अशी : पन्हळीसारखी गोल पटाशी म्हणजे गाऊज, सपाट पटाशी, पोकळ भांड्यांसाठी आकडी आणि खाचा पाडायची हत्यारं. साडेतीनशे वर्षं होत आली, तरी यादी फारशी बदललेली नाही! १७०१ मध्ये फ्रान्समध्ये चार्ल्स प्लुमिए या संन्याशाने खास कातकामावर मोठा सचित्र ग्रंथ काढला. हा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. देवळापुढच्या आपल्या पांढऱ्या चाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया, ते याच गृहस्थावरून. चाफ्याचा आणि लेथचा असा संबंध असेल हे कुणाला सुचलं असतं?

मग बदललं काय? दोन गोष्टी : लेथचा वेग आणि हत्याराचं पोलाद.

इंग्लंडमध्ये जॉर्ज लेली नावाचा वाडगे कातणारा होता. पायाच्या लेथवर, स्वतः घडवलेल्या आकड्यांनी तो एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढायचा. तो १९५८ मध्ये गेला. त्याचा लेथ रेडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात आहे. विजेवर एकाच दिशेने सतत फिरणारा लेथ रुळला तशी आकडी मागे पडली आणि तिची जागा जाड सळईत खोल पन्हळ कोरलेल्या 'बोल गाऊज'ने घेतली.

पोलादाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. पूर्वीची हत्यारं साध्या कार्बन पोलादाची असत. धार उत्तम लागायची, पण घासताना तापून कड निळी पडली की पाणी उतरलंच म्हणून समजा. पाण्याच्या दगडावर सावकाश धार लावणाऱ्याला त्याची भीती नव्हती. विजेच्या ग्राइंडरवर शिकाऱ्याचं हत्यार मात्र क्षणात निळं पडतं. १८९८ ते १९०० च्या दरम्यान अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांनी 'हाय स्पीड स्टील' काढलं, तेही धातू कापण्यासाठी. लालसर तापलं तरी ते मऊ पडत नाही. लाकडाच्या हत्यारांत ते सर्रास यायला पुढे कित्येक दशकं गेली. आजच्या नेहमीच्या एम-२ जातीत सुमारे ६ टक्के टंगस्टन आणि ५ टक्के मॉलिब्डेनम असतं. किंमत वाढते ती यामुळे.

आता भाच्याची चार हत्यारं, हाय स्पीड स्टीलचीच : चौकोनी लाकूड गोल करायला वीस मिलिमीटरच्या आसपासचा रफिंग गाऊज, नक्षीच्या खाचा-फुगवट्यांना दहा मिलिमीटरचा स्पिंडल गाऊज, गुळगुळीत सफाईला तिरप्या धारेची पटाशी म्हणजे स्क्यू, आणि तुकडा वेगळा करायला तीन मिलिमीटरचं पार्टिंग टूल. पुढे वाडगे करायचे झाले, तर तेव्हा एक बोल गाऊज आणि एक गोल स्क्रेपर घ्यावा. आठाच्या सेटमध्ये बहुधा दोन-तीन मापांचे स्क्यू आणि स्क्रेपर भरलेले असतात, ते पेटीत नुसते शोभतात. वाचलेले पैसे ग्राइंडर आणि दगडावर घालावेत, कारण बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा जास्त धोक्याचं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. रफिंग गाऊज वाडग्यावर कधीही चालवू नये. तो बहुधा सपाट पट्टी वाकवून घडवलेला असतो आणि मुठीत जाणारं त्याचं शेपूट बारीक असतं. लाटण्यासारख्या लांब कामात रेषा दांड्याच्या लांबीने जातात, तिथे तो निर्धोक असतो. वाडग्यात मात्र प्रत्येक फेऱ्यात दोनदा रेषांचं टोक समोर येतं. तिथे हत्यार अडकलं, तर सगळा जोर त्या शेपटावर येतो आणि ते मोडू शकतं. म्हणूनच हल्ली बरेच शिक्षक त्याला मुद्दाम 'स्पिंडल रफिंग गाऊज' म्हणतात. नाव लांबलं खरं, पण त्यामागे मोडलेली हत्यारं आणि जखमी माणसं आहेत.

बाकी गाऊज आणि स्क्यूचा नियम एकच : आधी हत्याराची पाठ फिरत्या लाकडाला टेकवावी, मग मूठ हळूहळू उचलत धार लाकडात न्यावी. तोंडावर मुखवटा हवाच. सैल बाह्या आणि गळ्यातली साखळी लेथजवळ नको.

पहिली वस्तू म्हणून लाटणं करावं असं मी त्याला सुचवलंय. त्यावर लपवायला जागा नसते, मधला फुगवटा एकसारखा नसेल तर पहिल्याच पोळीला कळतं. तुमच्या घरी जुनी कातीव वस्तू असेल, तर तिच्यावरच्या बारीक गोल रेघा जरा निरखून बघा, आणि काय दिसलं ते कळवा.