पंचांगांचे प्रांत

पुण्याला सेमिनरीत असताना आमच्या वर्गात केरळ, तमिळनाडू, गोवा आणि वसई अशा निरनिराळ्या मुलुखांतले विद्यार्थी होते. एकदा जेवणाच्या टेबलावर ज्योतिषाचा विषय निघाला. आम्ही सारेच ख्रिस्ती, त्यामुळे जन्मपत्रिका कोणाचीच नव्हती. पण शेजार प्रत्येकाला होता. आम्हां वसईकरांना ज्योतिष म्हणजे पंचांगातला मुहूर्त, यापलीकडे फारसे ठाऊक नव्हते. त्रिचूरकडचा मित्र मात्र कवड्यांविषयी सांगू लागला आणि तंजावरकडचा मित्र शनी राशी केव्हा बदलतो यावरून गावात पडलेल्या दोन तटांविषयी! प्रत्येकाला दुसऱ्याची गोष्ट नवलाची वाटत होती. ‘हिंदूंचे ज्योतिष’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो, पण त्याच्या पोटात किती वेगवेगळे प्रांत दडलेले आहेत, हे त्या दिवशी प्रथम ध्यानात आले.

मूळ ग्रंथ तसे सर्वांचे एकच. सहाव्या शतकात उज्जयिनीच्या वराहमिहिराने लिहिलेले ‘बृहज्जातक’ काश्मीरपासून केरळपर्यंत प्रमाण मानले गेले. त्याच्याही आधी या शास्त्रात यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, वाटा होता. ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्द ग्रीकच आहेत. परंतु ग्रंथ एक असला तरी लोकांचे प्रश्न एक नव्हते. महाराष्ट्रातला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. तमिळ आणि मलयाळी महिने तर सूर्याच्या संक्रांतीवर चालतात. आपल्याकडची कुंडली चौकटीत तिरप्या रेघा काढून मांडतात व तीत स्थाने स्थिर असतात; दक्षिणेकडची बारा घरांची चौकोनी असते व तीत राशी स्थिर असतात. वधूवरांचे आपल्याकडे छत्तीस गुण जुळवतात, तर तमिळनाडूत दहा ‘पोरुत्तम’ पाहतात. ही केवळ बाह्य रूपे झाली. खरा फरक आहे तो ज्योतिष्याकडे माणूस काय विचारायला जातो यात.

केरळचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथे आकाशाच्या गणिताची परंपरा फार खोल गेलेली आहे. वटश्शेरीच्या परमेश्वराने सुमारे पंचावन्न वर्षे ग्रहणांचे वेध घेतले आणि १४३१ साली ‘दृग्गणित’ रचले. वेधाशी गणित जुळत नसेल तर गणित बदलावे, इतका सरळ विचार त्यामागे होता. त्याच भूमीत १६४९ च्या सुमारास ‘प्रश्नमार्ग’ हा ग्रंथ झाला, आणि केरळी ज्योतिषावर खरा ठसा उमटला तो याचा. येथे पत्रिकेपेक्षा प्रश्न मोठा. माणूस ज्या क्षणी विचारायला येतो त्या क्षणाचे आकाश पाहायचे, कवड्या मांडायच्या, शकुन तपासायचे. मंदिरातल्या अष्टमंगल प्रश्नात राशिचक्रावर लहान मुलाच्या हातून सोन्याचा तुकडा ठेववतात आणि तेथून देवाच्या मनात काय आहे याचा शोध सुरू होतो. म्हणजे ज्योतिषी तेथे माणसाचेच नव्हे, तर देवळाचेही भविष्य सांगतो. २००६ साली शबरीमला येथे झालेल्या देवप्रश्नानंतर केवढे वादळ उठले हे पुष्कळांना आठवत असेल. शिवाय हे ज्ञान केवळ नंपूतिरी ब्राह्मणांच्या घरात राहिले नाही. कणियार ही ज्योतिष सांगणारी जातच तेथे गावोगाव होती. ज्याच्या दारापासून हाकेच्या अंतरावर ज्योतिषी राहतो, तो हरवलेल्या गाईसाठीही त्याच्याकडे जाईल, यात नवल ते काय?

तेथील ख्रिस्ती माणूसही जात असे. १५९९ साली उदयंपेरूर येथे आर्चबिशप मेनेझिस यांनी भरवलेल्या धर्मसभेने ज्योतिषी आणि मांत्रिक यांच्याकडे जाण्याविरुद्ध निर्बंध घातले. इतिहासाच्या अभ्यासकाला निर्बंधाचा उपयोग असा की, ज्या गोष्टीची मनाई करावी लागते ती गोष्ट लोक करीत असतात.

तमिळ प्रदेशात दुसराच प्रकार आढळतो. तेथला मोठा वाद माणसांचा नसून पंचांगांचा आहे. एक ‘वाक्य’ पंचांग. वररुचीच्या नावावर असलेल्या २४८ चांद्रवाक्यांत चंद्राचे स्थान अक्षरांत गुंफलेले असते. वाक्ये पाठ असली की गणित हाती आले. दुसरे ‘तिरुक्कणित’, म्हणजे वेधांशी ताळा घातलेले. मद्रासच्या वेधशाळेत काम करणारे चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी एकोणिसाव्या शतकात नव्या वेधांवर आधारलेले पंचांग काढले. तरीही जुनी वाक्ये हटली नाहीत. २०२३ साली तिरुक्कणितानुसार शनी १७ जानेवारीला कुंभेत गेला, आणि वाक्यानुसार २० डिसेंबरला. कारैकालजवळच्या तिरुनळ्ळार येथील शनीच्या देवळात उत्सव झाला तो डिसेंबरमध्ये. अकरा महिने आकाशातला शनी एकीकडे आणि भाविकांचा शनी दुसरीकडे! पण हसू नये. ग्रेगरी पोपने १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारल्यावर इंग्लंडने ती स्वीकारायला १७५२ साल उजाडू दिले होते, आणि ते सारे ख्रिस्तीच होते.

वैत्तीश्वरन् कोविल येथे अंगठ्याचा ठसा घेऊन ताडपत्रातली ‘नाडी’ शोधून देतात. त्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून माणसे जातात, आपल्या मुंबईतूनही. बंगालची गोष्ट थोडक्यात सांगतो. तेथे ज्योतिष वाढले ते छापखान्यामुळे. १८६९ पासून निघालेली गुप्त प्रेसची पंजिका घराघरांत शिरली. पुढे १८९० मध्ये सुधारित गणिताची विशुद्ध सिद्धांत पंजिका आली. दुर्गापूजेच्या वेळा या दोहोंत आजही कधीकधी जुळत नाहीत. कोलकात्याच्या सराफी पेढीतच ज्योतिषी बसलेला असतो आणि ग्रहाचा उपाय अंगठीच्या खड्यात मिळतो. असा खड्यांचा सोस आपल्याकडे इतका पूर्वी नव्हता.

आता आपला महाराष्ट्र. येथला मोठा ज्योतिषी कोकणच्या किनाऱ्यावरचा. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिले. ज्या आणि चाप यांची किचकट आकडेमोड टाळून साध्या गुणाकार-भागाकाराने ग्रह काढता यावेत, ही त्यांची युक्ती. त्यामुळे खेड्यातल्या जोश्यालाही स्वतः पंचांग करता येऊ लागले, आणि शेकडो वर्षे महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक याच ग्रंथावर चालले. माझ्या मते आपल्याकडचा ज्योतिषाचा स्वभाव येथेच ठरला. मराठी माणसाचे दैवत पत्रिका नव्हे, पंचांग. तो ‘माझे काय होणार?’ यापेक्षा ‘कोणता दिवस?’ हे अधिक विचारतो. आपल्याकडचे वादही गणिताचेच झाले. केरोपंत छत्रे यांनी नव्या वेधांच्या आधारे १८६५ पासून पंचांग काढले, ते पटवर्धनी म्हणून ओळखले गेले. त्यातून पुढे टिळक पंचांग आले. अधिक मास वेगळा पडला की रत्नागिरीकडच्या काही घरांत गणपती महिनाभर आधी बसतो, तो यामुळेच. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ दिला. एका शाळामास्तराने केलेले हे काम पाहिले की मान आदराने लवते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढून पंचांग भिंतीवर आणले. त्यात आपले सणही छापलेले असतात, आणि ते आपल्याही भिंतींवर असते.

याच महाराष्ट्रात ज्योतिषाची परीक्षाही घेतली गेली. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या व कोणती कोणाची ते ओळखा, असे आवाहन केले. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरे पाठवली. बरोबर निघाली शेकडा ४६. नाणे उडवले असते तर साधारण पन्नास आली असती. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पंचांगाचा खप त्याने कमी झाला नाही, कारण त्या परीक्षेत पत्रिका तपासली होती आणि लोक विचारीत होते दिवस.

मागे आमच्या धर्मग्रामातले एक कुटुंब मुलीच्या लग्नाची तारीख ठरवायला आले होते. चर्च रिकामे असलेला दिवस मी सुचवला. वडिलांनी खिशातून चुरगळलेला कागद काढला, पाहिला आणि संकोचून म्हणाले, “फादर, हा दिवस नको. अमावास्या आहे.” मी त्यांना म्हटले की, आपले शेजारी लक्ष्मीपूजन करतात तेही अमावास्येलाच. तेवढ्याने भागेना, तेव्हा तंजावरकडच्या माझ्या त्या मित्राचे ऐकवले: त्यांच्या भागात अमावास्या भरलेला दिवस मानतात आणि नवे दुकान मुद्दाम त्या दिवशी उघडतात. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले.

“ते मद्रासकडचं झालं, फादर,” ते म्हणाले, “आपल्याकडं नाही चालत.”

लग्न पुढच्या रविवारी लागले.