मुंबईंतील प्लेग व गिरणीकामगारांची रोजंदारी

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात ओळखला. १८९१ च्या खानेसुमारींत ८,२१,७६४ वस्ती असलेल्या मुंबईंतून पुढील फेब्रुवारीपर्यंत निम्म्याच्या सुमारास लोक निघून गेले. सरकारी अहवालांत ही भीतीची पळापळ म्हणून वर्णिली आहे. तेवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. गिरण्यांतील पगार महिन्याचा असे, व तोही महिना उलटल्यावर कित्येक दिवसांनीं हातीं पडे. म्हणजे रत्नागिरीकडे निघालेला कामगार पुष्कळदां कमावलेल्या पैशावर पाणी सोडूनच बोटीवर चढे; बोटीचें भाडें पदरचें, हें वेगळेंच! मागें राहिलेल्यांनीं मात्र रोजचा पगार रोज मागितला, आणि १८९७ च्या आरंभीं मालकांस तो द्यावा लागला. नाक्यानाक्यावर मजुरांसाठीं बोली चालली. मालकच एकमेकांचे कामगार फोडूं लागले. साथ ओसरतांच ही रोजंदारी मोडण्याचें मालकांनीं ठरविलें, व त्यावरून संप झाले.

कोंकणांतील घरोघरच्या दप्तरांत त्या दोन वर्षांचीं पत्रें वा मनीऑर्डरीच्या पावत्या आढळल्यास संग्राहकांनीं त्या रद्दी समजूं नयेत. गांवीं परतलेल्यांचें पोट कशावर चाललें, हें अहवालांपेक्षां त्यांतच सांपडण्याचा संभव अधिक आहे.