शब्द कुठे संपतो? सी भाषेतल्या एका शून्याचा इतिहास

वाक्य संपले हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून आपण मराठीत टिंब देतो, उर्दूत छोटी आडवी रेघ ओढतो. यंत्राला डोळे नाहीत. त्याच्या स्मृतीत एकापुढे एक आकडेच असतात. मग शब्द कुठे संपला, हे त्याला कोण सांगणार? प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तराची किंमत जग गेली पन्नास वर्षे मोजत आहे.

उत्तराचे दोन मार्ग होते. एक, शब्दाच्या आधी त्याची लांबी लिहून ठेवायची. दुसरा, शब्दाच्या शेवटी खूण करायची. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेने पहिला मार्ग घेतला होता. अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी बी भाषा केली, तेव्हा शेवटी खूण करण्याची पद्धत आली. 1972च्या सुमारास डेनिस रिची यांनी सी घडवली आणि तिच्यात ही खूण शून्याची झाली. रिची यांनी पुढे याची कारणे दिली आहेत. लांबी लहानशा जागेत लिहिली की शब्दाच्या लांबीवर मर्यादा येते, शिवाय लांबीचा हिशेब ठेवण्यापेक्षा खूण करणे त्यांना सोयीचे वाटले. त्या काळच्या यंत्रांची स्मृती इवलीशी होती. निर्णय अडाणीपणाचा नव्हता.

याच पायावर सीची फंक्शने उभी राहिली. स्ट्रलेन शून्य सापडेपर्यंत मोजत जाते. स्ट्रकॉपी शून्य सापडेपर्यंत नक्कल करत जाते. ज्या जागेत नक्कल करायची ती पुरेशी आहे का, हे ती विचारत नाही. ते पाहणे लिहिणाऱ्याचे काम. गेट्स हे फंक्शन तर आलेली ओळ मुकाट्याने उतरवून घेई, जागा किती आहे हे त्याला सांगण्याची सोयच नव्हती.

2 नोव्हेंबर 1988 रोजी याचा हिशेब चुकता झाला. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक वाट गेट्सची होती. फिंगर नावाच्या सेवेने येणाऱ्या ओळीसाठी 512 बाइटची जागा ठेवली होती, मॉरिसच्या प्रोग्रामने 536 बाइट पाठवले. जादा बाइट शेजारच्या स्मृतीत सांडले आणि पुढे काय करायचे हे पाहुण्याने ठरवले. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे सहा हजार यंत्रे बाधित झाली. तरीही 1989च्या प्रमाणित सीमध्ये गेट्स कायम राहिले. ते वगळायला 2011 साल उजाडले. जुना कोड मोडू नये, ही त्यामागची अडचण. रूढी मोडणे यंत्राच्या जगातही सोपे नाही.

मग लांबी सांगितली की प्रश्न सुटतो का? मेमकॉपी हे फंक्शन शून्याची वाट पाहत नाही, सांगितले तितके बाइट उचलते. पण आकडा सांगणाराच खोटे बोलला तर? 2014मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष नेमका असा होता. पाठवणारा थोडीशी अक्षरे पाठवी आणि लांबी 64 हजारांच्या घरातली सांगे. ओपनएसएसएल ती लांबी न तपासता खरी मानी आणि शेजारच्या स्मृतीतला मजकूर उचलून परत पाठवी. त्यात लोकांचे पासवर्डही असू शकत. दुरुस्ती छोटीच होती: सांगितलेला आकडा आणि आलेला मजकूर ताडून पाहणे.

आपल्या लिपींशी याचा संबंध 1992मध्ये आला. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-8 ही पद्धत आखली. तिच्यात कोणत्याही अक्षराच्या पोटात शून्य बाइट येत नाही, म्हणून सीची जुनी फंक्शने आपल्या लिपींनाही चालली. पण स्ट्रलेन अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. इंग्रजी ‘पेन’मध्ये तीन अक्षरे, तीन बाइट. उर्दूत लिहिलेल्या ‘कलम’मध्ये तीन अक्षरे, सहा बाइट. तोच शब्द देवनागरीत लिहिला की नऊ. आता आठ बाइटची जागा ठेवून, शेवटच्या शून्याला एक सोडून, शब्द बसेल तितका भरला तर ‘कल’ पुरते बसेल आणि ‘म’चा एक तुकडा उरेल. तो ना अक्षर, ना जागा. नावांच्या यादीत असे तुटके चौकोन दिसतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलांना हा इतिहास सांगायला हवा. परीक्षेत फंक्शनचे नाव लिहून गुण मिळतात. पण जागा किती, मजकूर किती आणि आकडा कोणाच्या भरवशावर घेतला, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली नाही, तर त्याची शिक्षा प्रोग्राम लिहिणाऱ्याला क्वचितच होते. ती भोगतो तो, ज्याचे नाव, पैसा किंवा गुपित त्या स्मृतीत विश्वासाने ठेवलेले असते.